'म्हातारडा' म्हणाले त्याबद्दल, आणि घराबद्दल

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर माझ्या तोंडून 'हट्टी म्हातारडा' निघून गेलं आणि तुम्ही काहीच न बोलता फोन आईकडे दिलात, तेव्हापासून मला धड झोप नाही. आता सॉरी म्हणायचं सोडून ही व्याकरण काढून बसली असं आई म्हणेल, म्हणू दे. तो 'डा' लाडाचा पण असतो हो, मुखड्यातला, जिवड्यातला. बाराव्या शतकात हेमचंद्र नावाच्या जैन पंडिताने अपभ्रंश या जुन्या भाषेचं व्याकरण लिहिलं, त्यात 'अड' आणि 'उल्ल' हे प्रत्यय एकाच सूत्रात आहेत, म्हणजे म्हातारड्यातला 'ड' आणि माउलीतली 'उली' सख्खी भावंडं, आणि त्याच्या मते ते लावल्याने मूळ अर्थ बदलतच नाही. म्हणजे मी नुसतं 'म्हातारा' म्हणाले. (हेही फारसं बरं नाही, कळतंय मला.) संस्कृतच्या व्याकरणात पाणिनीकडे तर एकच 'क' प्रत्यय मायेलाही चालतो आणि हेटाळणीलाही, पुत्रक म्हणजे लाडका पोर आणि अश्वक म्हणजे भिकार घोडं. फरक काय तो म्हणणाऱ्याच्या सुरात, आणि माझा सूर त्या दिवशी वाईट होता. चुकलं माझं.

चिडले होते ती तुमच्यावर नाही, तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरावर. तर, तळमजल्यावरचं एक छोटंसं घर मी बघून ठेवलंय. म्हणजे ॲडव्हान्स देऊन झालाय. आणि हो, 'छोटंसं' मधला 'सं' तुम्हाला कमी लागावं म्हणूनच लावलाय. दोनच खोल्या आहेत, पण घरटं म्हणजे तरी काय, घराचंच लहान रूप ना? बाथरूमला पायरी नाही, सकाळचं ऊन थेट खिडकीत येतं, बाबांची खुर्ची तिथेच बसते, मी टेप लावून मोजलंय. आई, तुझी ती मोठी पेटी पण येणार, कुणी टाकायला सांगणार नाही. तुमच्या गुडघ्यांकडे बघून केलंय सगळं, माझ्या सोयीसाठी नाही, बरं थोडं माझ्या झोपेसाठी पण.

बाबा, तुम्ही मला इतकं पिटुकली पिटुकली केलंत की शाळेत हजेरीला माझं नाव पुकारलं तर मी शेजारच्या मुलीकडे बघत बसले होते. पाणिनीने याचाही नियम करून ठेवलाय, लाडाने हाक मारताना दुसऱ्या स्वरापुढचं नाव कापायचं, देवदत्तचा देविल नाहीतर देविक. तुम्ही तर अख्खं नावच कापलंत!

आता ऐका. बीपीची गोळी चुकवायची नाही. गोळी म्हणजे लहान गोळा, आणि इंग्रजीतली 'पिल' सुद्धा लॅटिनमधल्या 'पिलुला'वरून, म्हणजे छोटा चेंडू, पण नाव लहान म्हणून एखादी राहिली तर चालेल असं नसतं. आई, आठवड्याची डबी तू भर, त्यांच्यावर सोडू नकोस. सामान बांधायला मी शनिवारी येतेय, तोवर कुणीही माळ्यावर चढायचं नाही. स्टुलावर पण नाही. बाबा, तुम्हालाच सांगतेय.

तुमची,
पिटुकली