सई, डिस्क लॉक घेण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दुचाकीच्या ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या भोकांच्या चकतीला, लावायचं अलार्मवालं डिस्क लॉक घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. दुकानात जाण्याआधी डिस्कच्या भोकांची रुंदी मोज. त्यातून जाणारी लॉकची पिन साधारण ५.५ ते १४ मिलिमीटर जाडीपर्यंत मिळते. भोकात जाईल तेवढी जाड घे.

गाडी पुढे ढकलताच लॉक कॅलिपरला (डिस्क चिमटीत धरून ब्रेक लावणाऱ्या भागाला) टेकेल, अशाच भोकात ते लाव. म्हणजे विसरून निघालीस तरी गाडी वेग घेण्याआधीच अडेल. एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) दातेरी रिंगला मात्र लॉक लागू देऊ नकोस.

लॉकचा सिलिंडर (किल्ली लागते तो भाग) दाबला की बीप होतो आणि काही सेकंदांत आतला सेन्सर जागा होतो. पहिल्या हादऱ्याला बहुतेक लॉक नुसती ताकीद देतात, हलवणं चालूच राहिलं तर भोंगा. तो थोडा वेळ वाजून थांबतो आणि पुन्हा पहारा सुरू.

खोक्यावरच्या ११० डेसिबलवर फार विसंबू नकोस. अंतर दहापट झालं की २० डेसिबल कमी होतात: १ मीटरवर ११०, तर १० मीटरवर ९०. तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद आणि पंखा चालू असताना तुला ऐकू येईलच असं नाही. साध्या लॉकचं फोनवरही काही कळत नाही. शिवाय पेठेतल्या गल्लीत बस गेली तरी एखादं लॉक वाजतं, मग लोक बघायचंही सोडतात.

मुख्य उणीव वेगळीच आहे. डिस्क लॉक चाक अडवतं, गाडी जागेला बांधत नाही. दोघातिघांनी उचलून टेम्पोत टाकली की संपलं. म्हणून रात्री हँडल लॉक कर आणि जाड साखळी फ्रेममधून घेऊन पार्किंगच्या पक्क्या खांबाला अडकव.

बऱ्याच लॉकमध्ये एलआर४४ बटन सेल असतात. ते हळूहळू उतरतात. आवाज बारीक झाला किंवा उगाच बीप येऊ लागले की सगळे एकदम बदल, जुने-नवे मिसळू नकोस. पावसाळ्याआधी झाकणाची रबरी रिंग बघ, किल्लीचं भोक खाली राहू दे. सिंहगडाचा घाट उतरून आलीस तर डिस्क निवल्यावरच लॉक लाव.

सेल संपले की गाडी हलवताना लॉक गप्प बसतं. तेव्हाच विसरून निघण्याचा आणि पडण्याचा धोका जास्त. म्हणून लॉकपासून ब्रेकच्या लिव्हरपर्यंत रंगीत आठवण-वायर लावायचीच.

लॉक बॅगेत उघडंच ठेव, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला वाजेल. किल्लीवरचा नंबर लिहून ठेव आणि जादा किल्ली इकडे पाठव.

तुझी,
आई