कोर्टात मिटलेलं प्रकरण रिपोर्टवर का मिटत नाही? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात गाडी घ्यायला गेलो होतो. रंग ठरला, डाउन पेमेंट ठरलं. मग फायनान्सच्या टेबलावरच्या मुलाने पॅन नंबर टाकला आणि स्क्रीनवरची नजर न काढताच म्हणाला, "सर, स्कोअर तसा बरा आहे, पण एक खातं 'सेटल्ड' दिसतंय." तरी बिचाऱ्याने चार ठिकाणी फाइल टाकली. तिघांनी नाही म्हटलं. चौथ्याने व्याजदर असा सांगितला की मीच नाही म्हटलं. वर चार चौकश्यांची नोंद क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे माझ्या कर्जांच्या इतिहासावर, चढली ती वेगळीच.

ते खातं म्हणजे जुनं क्रेडिट कार्ड. नोकरी गेली त्या वर्षी थकलं आणि दंड-व्याज धरून मुद्दलाच्या दुपटीवर गेलं. बँकेने दावा लावला. मग राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली. तिथे पॅनेलसमोर बँकेचा अधिकारी आणि मी, दहा मिनिटांत बोलणी आटोपली. "मिटवून टाका, दोघांच्याही फेऱ्या वाचतील," असं पॅनेलवरचे न्यायाधीश म्हणाले. आकडा ठरला, तो मी मुदतीच्या आत भरला, निवाड्याची प्रत घेऊन घरी आलो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 नुसार तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. दोघांवर बंधनकारक, त्यावर अपील नाही. विषय संपला असं मला वाटलं.

रिपोर्टमध्ये मात्र लोकअदालत नाही, निवाडा नाही, त्याची तारीखही नाही. नुसतं 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन मिटवलेलं. वसुली एजंटशी फोनवर घासाघीस करून सुटलेला आणि न्यायाधीशांसमोर सही करून शब्द पाळलेला, दोघांच्या कपाळी एकच शिक्का. कर्ज मंजूर करणारा त्या शब्दाचा अर्थ एकच लावतो: याने पैसे बुडवले.

बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. मी पूर्ण रक्कम भरलेली नाही, आणि पुढे कर्ज देणाऱ्याला हे कळायलाच हवं. शेवटी पैसा ठेवीदारांचा आहे. गाडी तारण राहते, आरसीवर बोजा चढतो, पण शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरते, हेही मान्य. माझं खातं लपवा असं मी म्हणत नाही. सांगायचं तर सगळं सांगा.

'सूट फाइल्ड', म्हणजे 'दावा दाखल', या शेऱ्याची गत याहून वाईट. तो निकालाआधीच लागतो. पुढे दावा फेटाळला गेला, तरी बँक कळवेपर्यंत शेरा जागचा हलत नाही.

दुरुस्तीसाठी अर्ज केला होता. 2005 च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यानुसार, हे रिपोर्ट बनवणारी क्रेडिट माहिती कंपनी बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलू शकत नाही, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारायचं. बँकेने मुदतीत कळवलं, "माहिती बरोबर आहे." तक्रार बंद. तक्रार न सुटता 30 दिवस उलटल्यावर रोज 100 रुपये भरपाईचा आपला नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे आणि तो चांगला आहे, पण चुकीचं उत्तर वेळेत आलं तर त्याचा काही उपयोग नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये कोर्टाचा पैशाचा निकाल नोंदवहीत 6 वर्षं राहतो. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंदच काढली जाते, नंतर भरली तर 'फेडले' असा शेरा पडतो. अमेरिकेतल्या तीन मोठ्या क्रेडिट माहिती कंपन्यांनी तर जुलै 2017 पासून, माणसाची ओळख नीट पटत नाही म्हणून, दिवाणी निकाल रिपोर्टवरून काढायला सुरुवात केली. आपण तेवढं करावं असं मी म्हणत नाही. बँकांनी माहिती कोणत्या नमुन्यात द्यायची ते आपणच ठरवता. त्यात लोकअदालतीच्या निवाड्यासाठी वेगळा कोड आणि तारखेचा एक रकाना घाला. 1 जानेवारी 2025 पासून माहिती किमान दर पंधरवड्याला जाते, तेव्हा निकालानंतरच्या पुढच्याच पंधरवड्यात ही नोंद बदलायला काय हरकत आहे? आणि निवाड्याची प्रमाणित प्रत समोर असताना बँकेच्या होकाराची गरज राहू नये. त्यासाठी कायद्याला हात लावावा लागेल, तर अर्थ मंत्रालयाला तसं लिहा.

परवा मेहुण्याला लोकअदालतीची नोटीस आली, जुन्या पर्सनल लोनची. "तू गेला होतास ना, मिटवून टाकू का?" असं विचारत होता. दोन दिवस झाले, त्याला काय सांगावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपला,
एक कर्जदार