मत उत्तराला द्यायचे की उत्तर देणाऱ्याला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन समूहांतील मतदानावर जो लेख आला आहे, त्यात ‘लिहिणाऱ्याची पत पाहून मत देण्यात गैर काही नाही’ असे लेखकमहाशयांनी ठामपणे म्हटले आहे. ते व्यासंगी आहेत यात शंका नाही. मात्र आपल्या उत्तराखाली उलट्या अंगठ्यांची रांग लागलेली त्यांनी कधी पाहिलेली दिसत नाही.

महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एका मराठी प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर जमिनीच्या शंकांना उत्तरे देऊ लागलो. तेथे एका बाईंनी विचारले होते की, वडील १९९८ मध्ये वारले, आपले लग्न १९९४ च्या आधीचे असल्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणाऱ्या राज्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीचा लाभ मिळत नाही, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी अजून झालेली नाही आणि भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत. तर काय करावे? सर्वाधिक मते मिळालेले उत्तर तेथील एका ज्येष्ठ सदस्याचे होते. केंद्राची तशीच दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात नसतील तर मुलीला हक्क नाही, तेव्हा सही करून मोकळे व्हावे, असा त्यांचा सल्ला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असा अर्थ लावला होता हे खरे. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द ठरवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. अपवाद फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटपांचा. एवढेच मी तारखांसह आणि कोणालाही न दुखावता लिहिले.

त्यावर पहिली प्रतिक्रिया आली : ‘दादा इथे कधीपासून लिहीत आहेत, आपण कोण?’ निकाल वाचल्याची खूण एकाही प्रतिक्रियेत नव्हती. माझे उत्तर उणे मतांमुळे तळाशी गेले आणि दादांचे चुकीचे उत्तर आजही माथ्यावर आहे. प्रकरण तेवढ्यावर थांबले असते तरी मी हे पत्र लिहिले नसते. त्याच रात्री कोणीतरी माझ्या खात्याचे पान उघडून जुन्या उत्तरांना एकापाठोपाठ एक उणे मते देत गेले. पोटखराब्याची (लागवडीस अयोग्य भागाची) नोंद, फेरफाराच्या नोटिशीवरील हरकत, काहीही सुटले नाही. त्यात एक उत्तर तर असे होते की वारसाने जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, याखेरीज त्यात अक्षर नव्हते. विधिमंडळाने केलेले कलम नापसंत असल्याचे असे रात्री अकरा वाजता कळवता येते, हे मला नोकरीत कोणी शिकवले नव्हते.

लेखकमहाशयांनी आपल्या बाजूने स्टॅक ओव्हरफ्लो या संगणक-प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचा दाखला दिला आहे. तो त्यांनी नीट पाहिला असता तर बरे झाले असते. तेथे मत देण्याच्या बाणावर बोट नेले की उत्तर उपयुक्त आहे की नाही, एवढेच विचारले जाते. लिहिणारा कसा आहे हे नाही. उत्तराला होकार मिळाला तर लिहिणाऱ्याला दहा गुण मिळतात, नकाराने दोन जातात, आणि उत्तराला नकार देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, म्हणजे राग काढायचा तर पदरमोड करावी लागते. एकाच सदस्याला ओळीने दिलेली मते शोधून ती आपोआप रद्द करण्याची सोयही तेथे आहे. माणसाला मत देणे योग्य असते तर ही यंत्रणा उभारण्याचे कारण काय? मजकुराची मते शेवटी माणसाच्या खात्यात साठतात, त्या गुणांवर इतरांचा मजकूर दुरुस्त करण्यासारखे अधिकार मिळतात आणि मग लोक मजकुराऐवजी तो आकडाच वाचू लागतात, हा खरा घोटाळा आहे. लेखात त्याविषयी चकार शब्द नाही.

एखादा सदस्य सतत जाहिराती चिकटवत असेल किंवा शिवीगाळ करत असेल तर त्याला आवरण्यासाठी व्यवस्थापक असतात. विकिपीडियावर लेख वगळण्याची चर्चा होते तेव्हाही नियमाने डोकी मोजायची नसतात, मुद्दे तोलायचे असतात, आणि उपद्रवी सदस्याला रोखण्याचे काम प्रचालकांकडे वेगळे दिलेले असते. त्यासाठी त्याच्या बरोबर उत्तराला चूक ठरवावे लागत नाही. विद्यापीठात उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक झाकून ती तपासायला देतात, ती काय परीक्षकाला त्रास व्हावा म्हणून?

त्या बाईंनी पुढे सही केली की नाही, ते कळले नाही. पहिल्या उत्तरावर विसंबून केली असेल तर दादांच्या गुणसंख्येतून त्यांना एक गुंठाही परत मिळणार नाही.

जाता जाता एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात त्याच चार-पाच नावांची पत्रे आलटून पालटून दिसतात, आणि त्यांतील एका गृहस्थांनी तर गेल्या महिन्यात दोनदा पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईवर जवळजवळ तेच लिहिले होते. पत्र पाहून निवड होते की पाकिटावरचे नाव पाहून, याचा खुलासा झाल्यास बरे. माझे मागील पत्र छापले गेले हे उपकारच. परंतु त्यातील ‘नाही’ हा शब्द जागेअभावी गळाल्याने मी ज्या परिपत्रकाच्या विरोधात लिहिले होते त्याचाच पुरस्कर्ता ठरलो. या वेळी कात्री लावायची झाल्यास माझ्या तक्रारीचा भाग खुशाल कापावा, पण ११ ऑगस्ट २०२० ही तारीख आणि तिच्यापुढचे वाक्य तेवढे शाबूत ठेवावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा