कोच भाऊ, तुम्हाला जाहीर थँक्यू

कोच भाऊ, तोंडावर काही बोललं की तुम्ही "असू द्या ना ताई" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून टाकते.

मैदानाला लागून ज्यांची घरं आहेत त्यांनाच माहितीये संध्याकाळी काय चालायचं. पुलावर बसलेले पोट्टे, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींवर कमेंट, बुलेटच्या सायलेन्सरचे फटाके, आणि स्ट्रीटलाईट नवा लागला की फुटलाच समजा. पोलिसांची गाडी आली की पांगायचे, गेली की परत हजर. तुम्ही आलात ते फक्त फुटबॉल घेऊन, भाषण नाही, बॅनर नाही, नगरसेवकाचा फोटो नाही (हे फार बरं केलंत).

नागपूरला हे काही नवीन नाही म्हणा, विजय बारसे सरांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि 2001 ला झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, त्यांच्याच स्लम सॉकर संस्थेला 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. पण ते पेपरात वाचणं वेगळं आणि आपल्या खिडकीतून बघणं वेगळं.

मला सगळ्यात भारी वाटली ती तुमची बिनरेफरीची मॅच. फुटबॉल थ्री का काय म्हणता ते. आधी दोन्ही टीमने गोलाकार बसायचं न नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग परत बसून कोण नीट खेळलं त्याचे पॉइंट द्यायचे, आणि ते गोलमध्ये मिळवूनच जिंकलं-हरलं ठरवायचं. तुम्हीच सांगितलं होतं की हे कोलंबियातल्या मेडेयीनचं, 1994 ला वर्ल्डकपमध्ये सेल्फ गोल झालेल्या आंद्रेस एस्कोबारला तिथे गोळ्या घातल्या, त्यानंतर एका जर्मन माणसाने तिथल्या टोळ्यांमधल्या पोरांसाठी हे चालू केलं आणि पहिला गोल मुलीनेच मारायचा असा नियम ठेवला. हा नियम तुम्ही इथे आणला तेव्हा पोट्टे काय चिडले होते! पण पोरींना पास दिल्याशिवाय खातंच उघडेना, मग करता काय. ज्यांच्यावर कमेंट मारायचे त्यांनाच आता "ताई इकडे दे ना" म्हणून ओरडतात, आणि पोरी देत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं.

सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही, दोघं-तिघं अजूनही पुलावरच असतात आणि बुलेटवाला तर आहेच. पण मुख्य गोष्ट म्हणजे पाच ते आठ हा जो रिकामा टाइम होता तो तुम्ही भरला, रोज, पगार नाही, सुट्टी नाही, आणि एखादा पोरगा दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारता हेही बघितलंय मी. आमच्या इथे कोण विचारतं हो एवढं.

बरं, गोलपोस्टची जाळी फाटलीये, त्याचे पैसे आम्ही बायकांनी भिशीतून काढलेत, नाही म्हणू नका. आणि रविवारच्या मॅचला तर्री-पोहे माझ्याकडून, किती जण येणार तेवढं शनिवारी सांगून ठेवा.