केसपेपरच्या आधी ईसीजी काढणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला न विचारता ते बरं दिसणार नाही. पण आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री कॅज्युअल्टीला कोण होतं, ते तुमच्या सोबतच्या लोकांना वाचताच कळेल.

मिस्टर केसपेपरच्या खिडकीशी उभे होते. तुम्ही मात्र माझ्या गळ्याकडे पाहिलंत, छातीला स्टेथो लावलात आणि मावशींना म्हणालात, “आधी मशीन आणा, कागद होत राहील.” आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या वाक्याचे.

कारण त्याआधीची कित्येक वर्षं माझी धडधड दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकतच नसे. आत जाईपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग ठरलेला प्रश्न, “घरात काही टेन्शन?” पतसंस्थेत मार्चअखेरचं काम करणाऱ्या बाईला टेन्शन नसेल तर कोणाला असेल! त्यामुळे तो शिक्का माझ्यावर सहज बसला. धडधड थांबल्यावर भरपूर लघवी होते, हे तर मी लाजेने कोणाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही ते आपणहून विचारलंत. कर्णिकांवर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर, ताण आला की हृदयातूनच लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं, हे मला नंतर समजलं.

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात तो असा : “ताई, हळूहळू वाढली का बटण दाबल्यासारखी एकदम?” एकदमच. मटार सोलत बसले होते, पळत नव्हते की भांडत नव्हते.

मॉनिटरवर मिनिटाला 188 ठोके होते. तुम्ही मला दीर्घ श्वास घ्यायला लावलात, उठवून बसवलंत, पुन्हा आडवं केलंत. आकडा 187, 188, 188. घाबरून वाढलेले ठोके असे एका जागी थांबत नाहीत, ते श्वासाबरोबर, उठबस केली की खालीवर होतात, चढतात तसे उतरतातही, असं तुम्ही मिस्टरांना सांगत होतात. शिवाय 220 मधून वय वजा करायचं हा ढोबळ हिशेब धरला, तर माझ्या एक्केचाळीस वर्षांना जीव तोडून पळाल्यावरची कमाल 179 येते. बसल्या जागी 188 म्हणजे गणितातच बसत नव्हतं. (मिस्टरांच्या हातातलं स्मार्ट घड्याळ माझ्या मनगटावर बांधून घरी पाहिलं, तेव्हा त्याने 94 दाखवले होते. बरोबर निम्मे! इतक्या वेगात मनगटावरची मोजणी चुकू शकते म्हणे.)

डॉक्टर आले, त्यांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि म्हणाले, “एसव्हीटी.” म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून एकदम सुरू होणारी वेगवान धडधड. ती थांबवायला दहा मिलीच्या सिरिंजमध्ये फुंकर मारून दट्ट्या हलवायचा, पंधरा सेकंद. मग झटकन आडवं करून पाय वर. 2015 साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत या पद्धतीने 43 टक्के रुग्णांचे ठोके जागेवर आले होते, नुसतं फुंकून 17 टक्क्यांचे. कोपराच्या शिरेत तुम्ही सुई आधीच लावून ठेवली होती, ठोके जागेवर आणणारं अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन सहा मिलिग्रॅम भरून तयार होतं. “द्यावं लागलं तर काही सेकंद जीव जातोय असं वाटेल, पण तेवढंच,” हे आधी सांगितलंत म्हणूनही आभार. ते द्यावं लागलं नाही. पाय वर असतानाच छातीत एक गचका बसला आणि मॉनिटरवर 84.

आणि सिस्टर, तेव्हाही तुम्ही मशीन बंद केलं नव्हतं. 188 वरून 84 वर येतानाचा तो क्षण कागदावर उतरला. पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी माझी जाडजूड फाईल बाजूला सारली आणि तेवढीच पट्टी उजेडात धरली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली वीज जाते ती गाठ म्हणजे एव्ही नोड. तिच्याजवळ काहींना जन्मजात दोन वाटा असतात, एक जलद, एक संथ. वीज एकीने जाते, दुसरीने परत येते आणि तिथेच गरगरत राहते. माझी एक फेरी साधारण 320 मिलिसेकंदांची, म्हणून मिनिटाला 188. वाट तीच, म्हणून आकडाही हलत नाही. एसव्हीटीत बहुतेक मोठ्या माणसांचे ठोके 150 ते 220 च्या दरम्यान असतात, तान्ह्या बाळांत 220 च्याही वर. मात्र 150 च्या आसपास ठाम राहिले तर डॉक्टर आधी फ्लटर या वेगळ्या बिघाडाची शंका घेतात. त्यात वरचे कप्पे 300 च्या वेगाने फडफडतात आणि निम्मेच ठोके खाली पोचतात. म्हणजे नुसत्या आकड्यावर भागत नाही, पट्टी लागतेच.

अब्लेशन झालं. मांडीच्या शिरेतून तार घालून ती संथ वाट जाळली. आता मटार निवांत सोलते. शेजारच्या काकू अजून “गळ्याची शीर दाबायची, थांबतं” असं सांगतात. घरी तसलं काही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय, तेच मी त्यांना ऐकवते.

ईसीजीच्या कागदावरच्या रेघा काही वर्षांत उडतात, म्हणून मी त्या पट्टीच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. एक तुमच्यासाठी पाठवते आहे, नाव आणि नंबर खोडून. वॉर्डात नव्याने आलेल्या मुलींना दाखवायला उपयोगी पडेल. दुसऱ्या टोकाकडून सहाव्या चौकटीपाशी बघायला सांगा, ठोके तिथे पलटले आहेत.

आपली,
188 वाली ताई