धडा आदल्या दिवशी मागून घे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ब्रिटनमधल्या त्या कर्णबधिर मुलीची दुभाषी म्हणून वर्गाचं दार उघडताना पोटात गोळा येतो, हात थरथरतात, असं तू परवा फोनवर म्हणालीस. जिचं सगळं बोलणं हातांनी, तिला थरथरीची धास्ती वाटणारच. पण हे काम तुला जमणार नाही, असं मला क्षणभरही वाटलेलं नाही.

तिथल्या सरांचं बोलणं त्या मुलीपर्यंत ब्रिटिश खुणांच्या भाषेत पोचवायचं आणि तिचं म्हणणं वर्गापर्यंत, एवढंच तुझं काम. जीवशास्त्र तोंडपाठ नसलं तरी चालेल, पण धडा आदल्या दिवशी हातात हवा. मागायला संकोचू नकोस. मी जन्मभर विज्ञान शिकवलं. असं कुणी मागितलं की शिक्षकाला बरंच वाटतं. नव्या संज्ञा वेगळ्या लिहून काढ. ज्यांची खूण माहीत नाही त्या बोटांनी अक्षरं जुळवून दाखव, आणि तासापुरती कोणती खूण धरायची ते तिलाच विचार. भाषा तिची आहे.

सरांच्या शब्दामागे धावू नकोस. अर्थ हाती येईपर्यंत थांब, मग हात उचल. वाक्य सुटलंच तर सरळ म्हण, "सर, पुन्हा सांगाल का?" अंदाजाने काही दाखवलंस तर ते तसंच तिच्या वहीत जाईल, आणि ते चुकलंय हे तिला परीक्षेपर्यंत कळणार नाही. शिवाय ती तुझ्याकडे बघत असते तेव्हा तिला लिहिता येत नाही, हेही सरांना सांग. २०१० च्या समानता कायद्याने अशा मुलांची वाजवी सोय करणं तिथल्या शाळा-कॉलेजांवर बंधनकारक आहे. तेव्हा थोडं थांबा म्हणण्यात मेहेरबानी कसली?

चेहरा मात्र सांभाळ. काय, कुठे, का विचारताना भुवया आक्रसतात आणि हो-नाहीच्या प्रश्नाला वर जातात, हे तूच मला दाखवलंस. मग भीतीने कपाळाला आठ्या पडल्या, तर साधं विधानही तिला प्रश्नासारखं दिसेल! आत जाण्याआधी खांदे सैल सोड, दोन-चार श्वास सावकाश घे. पहिली खूण मुद्दाम मोठी, संथ कर. घाबरलं की हात आखडतात आणि वेग वाढतो.

पुढचा धडा कोणता ते कळव. प्रकाशसंश्लेषण असेल तर रविवारी फोनवर आकृतीसकट समजावते.

तुझी,
आई