बाबा, खंडेनवमीला यादी करूया

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि तिथेच तो संपतो. म्हणून या वेळी लिहूनच काढते. बाबा, गाळ्यातल्या सगळ्या सामानाची यादी करायची आहे. एकेका वस्तूची, फोटोसकट.

२६ जुलै २००५ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचं पाणी कुर्ल्याच्या आपल्या गाळ्यात कमरेपर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर लेथच्या, आपल्या धातू कातायच्या मशीनच्या, बेडवरचा चिखल तुम्ही बोटांनी निपटून काढत होतात. पण त्याहून जास्त मला विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला तो दिवस आठवतो. तो मशीनचा नंबर विचारत होता, बिलं मागत होता. नंबरपट्टीवर रंगाचे दोन हात चढलेले, बिलांचा लगदा झालेला. तुम्ही तोंडी सांगत होतात आणि त्याचं पेन कागदाला लागत नव्हतं. पॉलिसी होती, पण बँकेच्या कर्जापुरती, ३ लाखांची. सामान ६ लाखांच्या घरातलं. म्हणून जे १ लाखाचं नुकसान मान्य झालं, त्याचेही ५० हजारच मिळाले. विमा निम्म्या किमतीचा असेल तर भरपाईही निम्मीच, हे आपल्याला तेव्हा कळलं. तुम्ही घरी येऊन न जेवता झोपलात. ते पुन्हा व्हायला नको.

आता लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासून. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती घेता येते आणि पुराचं नुकसान त्यात धरतात. विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी भरपाई कापत नाहीत, त्याहून कमी पडली की मात्र पुन्हा तोच हिशेब. म्हणजे आजची किंमत माहीत हवी. लेथ तेव्हा कितीला पडला ते तुम्हाला तोंडपाठ आहे, पण आज तसाच आणायचा तर किती लागतील? टॅप, डाय, रीमर अशा लहान हत्यारांचे भाव मी नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात जाऊन विचारून येईन. घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो, तेही बोलून घेते. आणि गिऱ्हाइकांच्या डाय, म्हणजे त्यांचे साचे, आपल्याकडे पडून असतात, त्या वेगळ्या लिहायच्या, कारण परक्याचा माल पॉलिसीत वेगळा सांगावा लागतो.

इथवर विम्याचं झालं. पण खरं सांगू, मला यादी हवी आहे ती दुसऱ्याच कारणासाठी.

तुमचा तो बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर घ्या. मिलचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्याच्या आधीच्या दिवाळीच्या बोनसमधून तुम्ही तो घेतलात. लाकडी पेटीची कडी सैल झाली आहे, थिंबलवरचे, म्हणजे फिरत्या नळीवरचे, आकडे अंगठ्याने पुसट झालेत. मी पाचवीत असताना तुम्ही माझा एक केस त्यात धरला, रॅचेट टिकटिक करेपर्यंत फिरवलं आणि म्हणालात, "०.०७ मिलिमीटर." मी तो आकडा शाळेत सगळ्यांना सांगितला होता. विम्याच्या कागदावर या वस्तूची किंमत जवळजवळ शून्य लागेल. म्हणून आपल्या यादीत एक रकाना जास्तीचा असेल: ही वस्तू कुणाकडे जावी.

तुम्ही काही लिहून ठेवलं नाही, तर कायद्याने सगळं आई, दादा आणि मी यांच्यात सारखं वाटलं जाईल. बाबा, आम्हा तिघांपैकी एकालाही लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब धरून बरोबर मध्यावर आणता येत नाही. आमच्या हातून ते भंगारात किलोवर जाईल, आणि हे लिहितानाही पोटात कालवतं. मिस्त्री वीस वर्षं तुमच्या शेजारी उभे आहेत. कुठली कानस कुठल्या धातूला लावायची हे त्यांना न बघता कळतं. पण ते आपल्या नात्यातले नाहीत, त्यामुळे मृत्युपत्रात नाव असल्याशिवाय त्यांना एक पानाही मिळणार नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. तुमची सही आणि तुमच्यासमोर सह्या करणारे दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. कुणाला काय द्यायचं ते सर्वस्वी तुम्ही ठरवा. मी फक्त लिहून घेईन. दादाशी बोलले आहे, त्याचंही हेच म्हणणं आहे.

नवरात्र तोंडावर आलंय. खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं पुसून, तेल लावून, पाटावर मांडता आणि आई हळदकुंकू वाहते. वर्षातून तो एकच दिवस असा की प्रत्येक वस्तू कपाटाबाहेर असते. तेव्हाच करूया. पूजा झाली की तुम्ही एकेक वस्तू हातात घेऊन बोला, कुठून आणली, कशाला वापरली. मी आवाज रेकॉर्ड करीन, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढीन. मशीनच्या नंबरपट्टीवरचा रंग आधी थिनरने काढायला मिस्त्रींना सांगा. यादीची एक प्रत माझ्याकडे डोंबिवलीला राहील, गाळ्यात पाणी शिरलं तरी ती कोरडी असेल.

आई, बिस्किटांच्या डब्यातली बिलं तेवढी काढून ठेव. आणि कोण काय उसनं घेऊन गेलंय ते तुझ्या वहीत असेलच, ती वही पण हवी. मोठा पाइप पाना गेल्या वर्षापासून दिसत नाही.

नवमीला सकाळी साडेसातपर्यंत पोचते. झेंडू मी दादरहून आणीन, तुम्ही घेऊ नका.

तुमची,
ताई